प्रतिकृती रेल्वे : नाशिकमधील छंद

प्रतिकृती रेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, विजेवर धावणारी आणि बसल्या जागेवरून चालवता येणारी रचना. खेळण्यातल्या झुकझुक गाडीहून ती वेगळी ठरते ती मापामुळे. इंजिन, डबे, रूळ, सिग्नल, फलाट, फलाटावरचा चहावाला, सगळे एकाच प्रमाणात लहान केलेले असते. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत जोडत जाता येतील असे रूळ आणि गाड्या मांडल्या, आणि एक संच घ्यायचा व तो वर्षानुवर्षे वाढवत न्यायचा ही रीत तिथून रुळली. महाराष्ट्रात पुण्यातल्या कोथरूडला भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. नाशिकमध्ये हा छंद घरात असतो : गच्चीवरच्या खोलीत, पोटमाळ्यावर, नाहीतर पलंगाखाली सरकवता येईल अशा प्लायवूडच्या पाटावर.

नाशिककराच्या मनात रेल्वे म्हटले की दोन गोष्टी येतात, पंचवटी एक्स्प्रेस आणि कसारा घाट. या दोन्ही घरात उभ्या करायच्या म्हटल्या की जागेचा, पैशाचा आणि नियंत्रणाचा, असे तिन्ही प्रश्न एकदम समोर येतात.

जगभर सर्वाधिक चालणारे माप एचओ, म्हणजे १:८७. त्याच्या रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर असते. आजच्या एक्स्प्रेस गाड्यांना लागणारा एलएचबी प्रकारचा डबा साधारण साडेतेवीस मीटर लांब, तो या मापात २७ सेंटिमीटरचा होतो. वीस डब्यांची गाडी करायची तर नुसते डबेच पाच मीटर चाळीस सेंटिमीटर भरतात, आणि दहा बाय दहाची खोली असते तीन मीटरची. त्यामुळे घरोघरीच्या गाड्या सहा-सात डब्यांवर थांबतात. एन माप १:१६० चे, रुळांत ९ मिलिमीटर अंतर. त्यात तीच वीस डब्यांची गाडी तीन मीटरच्या आत बसते. हात बारीक कामाला सरावलेला असेल तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने एन मापच घ्यावे.

भारतीय गाड्यांची आणखी एक अडचण आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, एचओचे रूळ मात्र १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय-अमेरिकी रुळांवरून बेतलेले. अचूक १:८७ साठी रुळांतले अंतर १९ मिलिमीटरच्या थोडे वर हवे, पण तसे तयार रूळ आणि चाके बाजारात सहजी मिळत नाहीत. म्हणून भारतीय इंजिने १६.५ वरच धावतात आणि समोरून पाहिली की किंचित अरुंद पायावर उभी दिसतात. बहुतेक हौशी हे मान्य करतात. ते योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक चाकापासून सुरुवात करावी लागेल.

किमतीचा विषय निघाला की गप्पा लांबतात. सुरुवातीचा साधा संच युरोपात शंभर ते दोनशे युरोंत मिळतो, डिजिटल नियंत्रणाचा त्याच्या दुपटीपर्यंत जातो. भारतात खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शुल्क आकारताना वाहतूक आणि विमाही किमतीत धरतात, त्यावर पुन्हा जीएसटी. म्हणून संच बऱ्याचदा परदेशातून येणाऱ्या भाचा-पुतण्याच्या बॅगेतून येतो. अमेरिकेतून मागवताना एक काळजी घ्यायलाच हवी : तिथला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर संच पहिल्याच मिनिटाला जातो. जर्मन संचाला ही भीती नाही.

खरे तर गाडीपेक्षा नियंत्रण पद्धतीवर खर्चाचा आकडा जास्त हलतो. जुनी पद्धत डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहाची. रुळांत शून्य ते १२ व्होल्टपर्यंत दाब सोडायचा. दाब वाढला की वेग वाढतो, धन-ऋण उलटवले की गाडी उलटी जाते. स्वस्त, समजायला सोपी, बिघाड लगेच सापडतो. पण त्या रुळावर जेवढी इंजिने उभी असतील तेवढी सगळी एकदम निघतात.

इथे कसारा घाट आडवा येतो. कसारा ते इगतपुरी ही चढण १:३७ ची. गाडीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिने लागतात, ती ढकलत वर आणतात आणि इगतपुरीला सुटतात. हे डीसीवर करायचे तर रूळ जागोजागी तोडून वेगळे भाग पाडावे लागतात, प्रत्येक भागाला स्विच द्यावा लागतो, आणि बँकर सोडताना बोटांची कसरत होते.

डीसीसी या डिजिटल पद्धतीत रुळांत कायम साधारण १४ ते १६ व्होल्टचा, दिशा बदलत राहणारा चौकोनी प्रवाह असतो आणि त्यातच संदेश दडलेला असतो. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर संदेशातला अंक १, १०० किंवा अधिकची असेल तर ०. प्रत्येक इंजिनात बसवलेला छोटा इलेक्ट्रॉनिक भाग, म्हणजे डिकोडर, हे वाचतो आणि आपला पत्ता आला तरच हालचाल करतो. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेले हे मानक अमेरिकेतल्या प्रतिकृती रेल्वेच्या हौशींच्या एनएमआरए संस्थेने १९९० च्या दशकात सर्वांसाठी खुले केले. त्यामुळे एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर चालते.

नवा डिकोडर कारखान्यातून ३ हा पत्ता घेऊन येतो. नवशिका हौसेने दोन नवी इंजिने रुळावर ठेवतो, थ्रॉटल, म्हणजे वेगाचे बटण, फिरवतो आणि दोन्ही सोबत निघतात. म्हणून आधी एकेकटे इंजिन प्रोग्रॅमिंगसाठी वेगळ्या ठेवलेल्या रुळावर ठेवून त्याला इंजिनावरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पत्ता म्हणून द्यावेत. मग वेग जुळवायचा. दोन्ही इंजिने हातभर अंतरावर, न जोडता, एकाच वेगपायरीवर सोडायची आणि एक फेरी झाल्यावर अंतर किती बदलले ते पाहायचे. डिकोडरमधल्या वेग ठरवणाऱ्या सीव्ही २, ५ आणि ६ या नोंदी थोड्या-थोड्या बदलत गेले की अंतर टिकू लागते. मागचे इंजिन अगदी किंचित हळू ठेवावे. ते जास्त जोर लावू लागले तर वळणावर मधले हलके डबे उचलले जाऊन रुळाबाहेर पडतात. या जुळवणीला एक संध्याकाळ जाते, पण त्यानंतर बँकर सुटून एकटा कसाऱ्याकडे उतरताना पाहणे हा या छंदातला सर्वांत मोठा आनंद आहे.

मापाच्या गाडीतही बँकर नुसता शोभेचा नसतो. एका रुळाच्या वरून दुसरा रूळ नेण्यासाठी एचओमध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटर उंची लागते. १:३७ ने ती गाठायला पावणेतीन मीटर लांबी हवी. त्या चढावर आठ-दहा डबे लावले की एकट्या हलक्या इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात.

डिकोडरविना इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवू नये, मोटर गुणगुणते आणि तापते. म्हणून आज डीसीवर सुरुवात करणाऱ्यानेही 'डीसीसी-रेडी' इंजिन घ्यावे. त्यात डिकोडरसाठी सॉकेट तयार असते. साधा डिकोडर तीस-चाळीस युरोंचा, आवाजाचा त्याच्या तिप्पट किंवा अधिक. तयार कंट्रोलर परवडत नसेल तर आर्डुइनो मेगा हा छोटा संगणक-बोर्ड आणि त्यावर बसणारे मोटर शील्ड यांवर डीसीसी-ईएक्स ही मोफत, खुली प्रणाली बसवता येते आणि फोनच थ्रॉटल होतो. नाशिकमध्ये अभियांत्रिकीची मुले घरोघरी असल्याने ही वाट इथे विशेष सोयीची.

वायरिंग झाल्यावर रुपयाचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे ठेवून पाहावे. कंट्रोलरने तत्क्षणी वीज तोडली पाहिजे. लेआउटच्या, म्हणजे रुळांच्या पूर्ण मांडणीच्या, लांबच्या टोकाला तसे झाले नाही, तर तिथे जाड वायरीवरून नवा जोड द्यावा. नाहीतर एक दिवस चाकाजवळचे प्लास्टिक वितळते. पितळेचे रूळ इथल्या पावसाळ्यात लवकर काळवंडतात, त्यापेक्षा निकेल-सिल्व्हरचे घ्यावेत.

इगतपुरीला पूर्वी मुंबईकडची १५०० व्होल्ट डीसी वीज संपून २५ हजार व्होल्ट एसी सुरू व्हायची आणि कित्येक गाड्यांची इंजिने तिथे बदलली जात. त्या काळाचा लेआउट करणाऱ्याला घाटातला 'खेकडा' हवाच असतो. खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१, १९२८ पासून आलेले, लांब पुढच्या-मागच्या नाकांचे इंजिन. त्यातली काही स्वित्झर्लंडच्या कारखान्यात घडली. तशाच लांब नाकांच्या स्विस 'क्रोकोडाइल' इंजिनाच्या प्रतिकृती मेर्कलिन अनेक दशके काढत आली आहे. आपला खेकडा मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभ्या असलेल्या इंजिनाच्या छायाचित्रांवरून, पत्रा कापून किंवा थ्रीडी प्रिंट काढून, हातानेच करावा लागतो.