छातीतली धडधड: भीतीची की रागाची?

2008 चं बीजिंग ऑलिंपिक. उत्तर कोरियाचा पिस्तूल नेमबाज किम जोंग-सू याने एक रौप्य आणि एक कांस्य मिळवलं, आणि स्पर्धा संपायच्या आत दोन्ही पदकं काढून घेतली गेली. तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं होतं. रक्तदाबाच्या रुग्णांना देतात ते हे औषध ताकद वाढवत नाही. ते अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम अडवतं, त्यामुळे ठोके मंदावतात आणि हाताचा कंप कमी होतो. नेमबाजाला तेवढंही पुष्कळ.

दडपण असं अंगात उतरलेलं असतं, म्हणूनच मैदानाच्या कडेला उभं राहून "घाबरू नकोस" असं ओरडण्याचा उपयोग होत नाही. अ‍ॅड्रेनलिन शरीराला पळायला तयार करतं, तसंच लढायलाही. ज्याचे पाय लटपटतात आणि जो पंचांच्या अंगावर धावून जातो, त्या दोघांच्या छातीत धडधड सारखीच. तिला नाव काय मिळतं, यावर पुढचं बरंच ठरतं.

बेसबॉलमध्ये हे छान दिसतं. अमेरिकेतल्या 57,000 हून अधिक सामन्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या संघातल्या कुणाला चेंडू लागला, की गोलंदाजाने समोरच्या फलंदाजाला चेंडू मारून वचपा काढण्याची शक्यता उकाड्यात वाढत होती. उकाड्याने अंग आधीच तापलेलं, त्यात चुकून लागलेला चेंडूही मुद्दाम मारलेला वाटू लागतो.

कबड्डीच्या मैदानावर आजही "चिडून खेळ" असं सांगणारे प्रशिक्षक आहेत. राग एकदा बाहेर काढला की माणूस शांत होतो, हा समजही जुनाच. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये तो तपासला. आधी विद्यार्थ्यांना चिडवलं. मग काहींना, ज्याने चिडवलं त्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं, तर काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले, आणि संधी मिळताच जास्त आक्रमकही झाले. मुलांना चिडायला शिकवणं मला म्हणूनच घातक वाटतं.

त्यापेक्षा श्वास शिकवावा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. रायफल नेमबाज थोडा श्वास सोडून थांबतो आणि त्या स्थिर क्षणात चाप ओढतो. हे सरावाने येतं, औषधाविना. चढाईला निघण्याआधी असा एक सावकाश उच्छ्वास कबड्डीपटूलाही जमेल.