लांब नळीने काय वाढतं: वेग की अचूकता?

अमेरिकेत शिकारीची रायफल खास बनवून घ्यायला गेलं की गनस्मिथ, म्हणजे बंदुका घडवणारा कारागीर, विचारतो, नळी किती इंची हवी? पुष्कळ जण बेधडक २६ सांगतात. नळी जितकी लांब तितका नेम अचूक, ही समजूत त्यामागे असते. खरं तर लांबीने वाढतो तो गोळीचा वेग. अचूकतेचं गणित वेगळं आहे.

गोळी नळीत असेपर्यंत जळत्या दारूचा वायू तिला रेटत राहतो, म्हणून लांब नळीत तिला जास्त वेग मिळतो. किती जास्त, हे काडतूस ठरवतं. .३०८ विंचेस्टरमध्ये दारू बेताची असते. तिथे एका इंचामागे सेकंदाला साधारण २०-२५ फुटांचा फरक पडतो. २४ ऐवजी २० इंची नळी घेतली, तर सुमारे २८०० फुटांतले ८० ते १०० फूट जातात आणि ३०० यार्डांवर गोळी जेमतेम इंच-दीड इंच जास्त खाली उतरते. हरणाच्या शिकारीत एवढ्याने काही बिघडत नाही. .३०० विंचेस्टर मॅग्नमचं तसं नाही. त्यात दारू कितीतरी जास्त भरलेली असते. नळी आखूड ठेवली तर तिचा बराच जोर तोंडाशी भडका आणि कानठळ्या बसवणारा आवाज होऊन वाया जातो. मॅग्नम हवं असेल तर २४ ते २६ इंचांची तयारी ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

आता अचूकता. एकाच जाडीचे दोन बांबू घ्या, एक लांब, एक आखूड. लांबाचा शेंडा जास्त हलतो. नळीचंही तसंच: जाडी तीच ठेवली, तर २० इंची नळी २६ इंचीपेक्षा दुपटीहून जास्त ताठ असते, म्हणजे गोळी सुटताना कमी हलते. लांबीने अचूकता वाढते असं म्हणूनच म्हणता येत नाही.

मग ही समजूत आली कुठून? जुन्या उघड्या नेमपट्ट्यांमधून. मागची खाच आणि नळीच्या टोकाशी असलेली नेमाची खूण, म्हणजे पुढची माशी, यांत अंतर जितकं जास्त, तितकी नेमातली चूक कमी. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्या ५० मीटर रायफलमध्ये दुर्बीण चालत नाही. म्हणून तिथले नेमबाज पुढची माशी आणखी दूर नेण्यासाठी नळीच्या तोंडाला चक्क पोकळ जोडनळी लावतात. शिकारीच्या रायफलवर दुर्बीण बसवली, की हे कारणच उरत नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात .३०८ घेऊन फिरणाऱ्याला मी २० किंवा २२ इंच सुचवेन. तोंडाला सप्रेसर, म्हणजे आवाज कमी करणारं नळकांडं, लावणार असाल, तर त्याचे सहा-आठ इंच आधीच हिशेबात धरा. वायोमिंगच्या उघड्या माळावर मॅग्नम वापरणाऱ्याला २६ शोभते. निर्णय होतच नसेल तर लांब घ्या. नळी नंतर कापता येते, वाढवता येत नाही. मात्र कापल्यावर तोंडाची कड पुन्हा काटेकोर घडवून घ्यावी लागते. तिथे बारीकसा टवका राहिला तरी गोळी सुटताना वायू एका बाजूने निसटतो आणि नेम बिघडतो.