कोमेट आणि न बसवलेली चाके : एका रॉकेट लढाऊ विमानाची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष हवाई लढाईत उतरलेले एकमेव रॉकेट लढाऊ विमान म्हणजे जर्मनीचे मेसरश्मिट मे-१६३ ‘कोमेट’. रॉकेटवर चालणारे ग्लायडर (एरवी इंजिनाशिवाय तरंगणारे विमान) १९२८ मध्येच उडाले होते आणि द्रवइंधनावरचे पहिले रॉकेट विमान जून १९३९ मध्ये. पूर्वपीठिका म्हणून एवढे पुरे. कोमेटचा उगम आडवी शेपटी नसलेल्या ग्लायडरांच्या आराखड्यांत होता. २ ऑक्टोबर १९४१ रोजी त्याच्या आरंभीच्या नमुन्याला दुसऱ्या विमानाने सुमारे ४,००० मीटर उंचीवर ओढून नेले आणि तेथून त्याने ताशी १,००० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. हा वेग पाहिल्यावर उतरण्याच्या व्यवस्थेचा प्रश्न मागे पडला.

या विमानाच्या अपघातांचे खापर नेहमी इंधनावर फोडले जाते. ते अंशतः खरेही आहे, कारण तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्राझिन-मिथेनॉलचे मिश्रण एकत्र येताच पेट घेत असे. परंतु माझ्या मते अधिक निर्णायक ठरला तो चाके न बसवण्याचा निर्णय. जेमतेम पावणेसहा मीटर लांबीच्या या विमानाच्या उड्डाणवेळच्या वजनात इंधनाचा वाटा जवळजवळ निम्मा होता, त्यामुळे पोटात ओढून घेता येतील अशा चाकांना जागा उरली नव्हती. ग्लायडर स्किडवर, म्हणजे पोटाखालच्या घसरपट्टीवर, उतरतात, हा युक्तिवादही हाताशी होता. म्हणून उड्डाणासाठी दोन चाकांचा, हवेत गेल्यावर सोडून द्यायचा सुटा गाडा आणि उतरण्यासाठी पोटाखाली स्किड अशी योजना झाली.

विमान फार खाली असताना गाडा सोडला तर तो उसळून विमानावरच आदळे. कधी तो सुटतच नसे, आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये एक नामवंत महिला चाचणी-वैमानिक अशाच प्रसंगी गंभीर जखमी झाली. उतरताना स्किडचा दणका वैमानिकांच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचत असे, आणि टाकीत थोडे जरी इंधन उरले असेल तर त्याच दणक्याने स्फोटाची भीती असे. सुखरूप उतरलेले विमानही स्वतःहून हलू शकत नसे. ओढून नेणारे वाहन येईपर्यंत ते उघड्या मैदानात शत्रूच्या विमानांसमोर पडून राही. या सगळ्याची किंमत वैमानिकांनी आणि जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी मोजली, आणि कामगिरीच्या आकड्यांत ती दिसत नाही.

१९४४ च्या उन्हाळ्यापासून कोमेट लाइपझिग परिसरातील कृत्रिम इंधन कारखान्यांच्या रक्षणासाठी लढू लागले. साडेतीन मिनिटांच्या आसपास ते १२,००० मीटर गाठे, पण इंजिनाचा पूर्ण जोर कायम ठेवल्यास आठएक मिनिटांत इंधन संपे. बॉम्बफेकी विमानांहून त्याचा वेग इतका जास्त होता की नेम धरायला दोन-तीन सेकंदच मिळत. पुढे शत्रूची लढाऊ विमाने इंधन संपून तरंगत खाली येणाऱ्या कोमेटची वाट पाहू लागली.

सोव्हिएत संघाने मे १९४२ मध्ये उडवलेल्या बीआय विमानाला ओढून घेता येणारी चाके होती, मात्र मार्च १९४३ मध्ये अतिवेगात नाक खाली जाऊन ते कोसळले आणि वैमानिक ठार झाला. जपानने कोमेटवरून बनवलेल्या ‘शूसुइ’ने गाडा आणि स्किडही तसेच उचलले, ७ जुलै १९४५ च्या पहिल्या उड्डाणात गाडा व्यवस्थित सुटला, पण चढतानाच इंजिन बंद पडले आणि वैमानिकाचा जीव गेला. जर्मनीत पुढच्या मे-२६३ आराखड्यात विमानाची लांबी वाढवून अखेर ओढून घेता येणारी तीन चाके बसवण्यात आली, मात्र युद्ध संपेपर्यंत ते रॉकेटच्या बळावर उडालेच नाही.