टर्बो स्नोमोबिलमधील बूस्ट दाबाचे नियंत्रण

बर्फावर पट्ट्याच्या साहाय्याने धावणाऱ्या स्नोमोबिल या वाहनाच्या इंजिनात टर्बोचार्जर जी हवा दाबून भरतो, तिचा दाब ठरावीक मर्यादेत राखणे आणि उंची, इंधन व तापमान पाहून ती मर्यादा बदलणे. भोवतालच्या वातावरणापेक्षा हा दाब जेवढा जास्त असेल तेवढा ‘बूस्ट’. तो पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) किंवा बार या एककांत सांगतात. अमेरिकेतील कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, आयडाहो ही राज्ये आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया येथील डोंगरांत, खोल भुसभुशीत बर्फातून चढ चढणाऱ्या गाड्यांत या नियंत्रणाला विशेष महत्त्व आहे. उंचीवरची विरळ हवा तिथे इंजिनाची ताकद हिरावून घेते. टर्बो नसलेले इंजिन दर ३०० मीटर चढाईमागे साधारण ३ टक्के शक्ती गमावते, असा ढोबळ हिशेब केला जातो.

उगम : टर्बोचार्जरचे जनकत्व बहुतेक संदर्भग्रंथ स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांना देतात. त्यांचे पेटंट १९०५ चे आहे. मात्र त्यातील रचनेत संपीडक (हवा दाबणारा भाग), दट्ट्यांचे इंजिन आणि टरबाइन (इंजिनाच्या धुराने फिरणारे चक्र) हे तिन्ही एकाच दंडावर (शाफ्टवर) होते. आजचा, इंजिनापासून यांत्रिकदृष्ट्या सुटा असलेला टर्बो तो नव्हे. ब्यूखी यांच्या कामाला व्यावहारिक यश १९२० च्या दशकात, मोठ्या डिझेल इंजिनांवर मिळाले. दुसरी परंपरा विमानविद्येची आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफोर्ड मॉस यांनी विमानांच्या इंजिनांसाठी टर्बो तयार केले. मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी हे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेऊन चालवले. पायथ्यापासून दूर, कमी उंचीवर सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन शिखरावर टर्बोविना २३० च्या आसपास घसरले आणि टर्बो जोडताच पुन्हा ३५० च्या पुढे गेले, असे आकडे दिले जातात. अग्रक्रमाचा वाद पेटंटच्या तारखेवर सोडवायचा तर मान ब्यूखी यांचाच. पण डोंगरी स्नोमोबिलचा प्रश्न म्हणजे विरळ हवेत गेलेली शक्ती परत मिळवणे, आणि तो नेमका मॉस यांनी हाताळलेला प्रश्न आहे. त्यामुळे या विषयापुरती वंशावळ पाइक्स पीकपासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

दाब आवरणारे ‘वेस्टगेट’ हे झडपेसारखे दारही विमानांतूनच आले. सुरुवातीच्या काळात ते वैमानिक हाताने नियंत्रित करी. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या बाँबफेकी विमानाच्या नंतरच्या आवृत्त्यांत त्यासाठी इलेक्ट्रॉनिक नियामक आला. मोटारींत १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये वेस्टगेट होते. त्याच वर्षीच्या शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या टर्बो आवृत्तीत मात्र ते नव्हते. तिथे हवेच्या आणि धुराच्या वाटांतील अडथळाच दाबाला मर्यादा घाली.

स्नोमोबिलमध्ये टर्बो नेमका कधी आला हे सांगताना सावधगिरी हवी. कारखान्यातून टर्बोसह निघालेल्या गाड्यांपूर्वी पश्चिमेकडील डोंगराळ भागांत छोट्या कार्यशाळा टर्बोसंच बसवून देत होत्या. शिवाय उत्पादक ‘मॉडेल वर्ष’ लावतात आणि गाडी त्याआधीच्या वर्षीच जाहीर होते, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी एका वर्षाचा फरक दिसतो. आर्क्टिक कॅटची टी६६० (मॉडेल वर्ष २००४) आणि पोलारिसची एफएसटी (२००६) या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या सुरुवातीच्या टर्बो गाड्या होत. टू-स्ट्रोकमध्ये स्की-डूच्या ८५० ई-टेक टर्बोला (२०२०) कारखान्याची पहिली गाडी मानतात. ‘पहिली’ हा शब्द मुळात उत्पादकाचा असला तरी त्याला सबळ आव्हान मिळालेले नाही.

रचना व कार्य : इंजिनातून बाहेर पडणारे निष्कास वायू टरबाइन फिरवतात आणि त्याच दंडावरील संपीडक हवा दाबतो. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, जास्त निष्कास वायू आणि टरबाइनला आणखी वेग. मोकळे सोडले तर हे चक्र इंजिन फुटेपर्यंत वाढू शकते. वेस्टगेट उघडले की काही वायू टरबाइनला वळसा घालून बाहेर पडतात. ते उघडणाऱ्या डबीत एक पडदा आणि एक स्प्रिंग असते. संपीडकाकडून बारीक नळीने आलेला दाब स्प्रिंगवर मात करतो तेव्हा दार उघडते. म्हणजे स्प्रिंगचा ताण हाच किमान बूस्ट, आणि कोणताही नियंत्रक त्याखाली जाऊ शकत नाही. नियंत्रक फक्त नळीतील दाबाचा काही भाग बाहेर सोडतो किंवा अडवतो, म्हणजे पडद्याला खऱ्यापेक्षा कमी दाब जाणवतो आणि दार उशिरा उघडते. हे काम हाताने फिरवायच्या स्क्रूने होते किंवा संगणकाच्या हुकमाने सेकंदाला अनेकदा उघडझाप करणाऱ्या सोलेनॉइड (विद्युतचुंबकी) झडपेने.

ही नळी सुटली, चिरली किंवा आतली ओल गोठून बुजली तर वेस्टगेट मिटलेलेच राहते आणि दाब बेसुमार चढतो. शून्याखालच्या हवेत चालणाऱ्या यंत्राबाबत ही भीती काल्पनिक नाही, म्हणून नळी शक्य तितकी आखूड आणि पाणी साचणार नाही अशी बसवावी लागते. दार पूर्ण उघडूनही दाब वाढतच राहिला तर दार किंवा त्याची वाट अपुरी समजावी. स्प्रिंग बदलून तो दोष जात नाही.

निरपेक्ष दाब व मापी दाब : या विषयातील बहुतेक गोंधळाचे मूळ येथे आहे. पडद्याच्या दुसऱ्या बाजूस भोवतालची हवा असल्यामुळे साधे वेस्टगेट मापी दाब, म्हणजे वातावरणावरचा दाब, राखते. इंजिनाची शक्ती मात्र निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेल्या एकूण, दाबावर ठरते. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय आणि ३,००० मीटरवर सुमारे १०.२. दोन्हीकडे ६ पीएसआय बूस्ट ठेवला तर निरपेक्ष दाब अनुक्रमे २०.७ आणि १६.२ येतो. काटा दोन्ही ठिकाणी तेच दाखवतो, शक्ती मात्र एक नसते. उलट दाबांचे गुणोत्तर खाली १.४१ तर वर १.५९ असल्याने वरच्या हवेत टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते आणि हवा अधिक तापते. उणे १० अंशाची हवा ७० टक्के कार्यक्षमतेच्या संपीडकात दीडपट दाबली तर ती जवळपास ३६ अंशांपर्यंत जाते. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची गरज इथून सुरू होते.

२,४४० मीटर उंचीवर समुद्रसपाटीइतका दाब परत मिळवायला जेमतेम ४ पीएसआय पुरतात. स्की-डूच्या २०२० च्या गाडीचा १६५ अश्वशक्तीचा दावा नेमका या उंचीपर्यंतचा होता. अशा गाडीचा संगणक निरपेक्ष दाबाच्या संवेदकावरून उंचीबरोबर बूस्ट आपोआप बदलतो. जुन्या, हाताने जुळवलेल्या संचात ते काम चालकाचे असते. शिखरावर वाढवलेला बूस्ट तसाच ठेवून दरीत उतरलेली गाडी नॉकिंगच्या (सिलिंडरमधील मिश्रण अवेळी, आपोआप पेटण्याच्या) तोंडी जाते आणि दट्ट्याच्या माथ्याला भोक पडू शकते. उतरताना स्क्रू मागे घेणे हा या सगळ्या शास्त्राचा सर्वांत महत्त्वाचा व्यावहारिक नियम मानला पाहिजे.

इंधन : नॉकिंगची मर्यादा ऑक्टेन अंक, म्हणजे इंधन नॉकिंगला किती दाद देत नाही हे सांगणारा आकडा, ठरवतो. अमेरिकी पंपावरचा ९१ हा अंक दोन मापन पद्धतींची सरासरी असतो, तर भारतातील पंपावरचा अंक केवळ एका, जास्त आकडा देणाऱ्या पद्धतीचा. म्हणून दोन्ही इंधने समान धरू नयेत. अधिक बूस्टसाठी शर्यतीचे इंधन किंवा १०० एलएल हे विमानाचे पेट्रोल मिसळण्याची प्रथा आहे. त्यात शिसे असल्याने ऑक्सिजन संवेदक निकामी होतात.

टू-स्ट्रोक इंजिनात प्रश्न आणखी नाजूक. टर्बो बहुधा फुगीर निष्कास नळीनंतर, म्हणजे वायू तिच्यातून बाहेर पडतात तिथे, बसतो. ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलणाऱ्या दाबलहरी या नळीच्या तापमानावर अवलंबून असतात, म्हणून थंड नळीवर जुळवलेला बूस्ट दीर्घ चढावर बदलतो. इंधनाचा दाबही बूस्टबरोबर तितकाच वाढवावा लागतो, अन्यथा बूस्ट चढताच मिश्रण विरळ होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते.

क्लच : स्नोमोबिलमध्ये गिअरऐवजी (बर्फावरच्या पट्ट्याहून वेगळ्या) आतल्या पट्ट्यावर चालणारे, गुणोत्तर सतत बदलणारे प्रेषण असते आणि इंजिनाचे फेरे त्यातील क्लच धरून ठेवतो. बूस्ट वाढला की क्लचमधील फिरती जुनी वजने अपुरी पडतात व फेरे मर्यादेबाहेर जातात. त्यामुळे बूस्ट वाढवताना प्राथमिक (इंजिनाकडच्या) क्लचमध्ये काही ग्रॅमने जड वजने घालावी लागतात आणि दरीत परतल्यावर तीही पुन्हा तपासावी लागतात.