वाकडा बसवलेला लाल ठिपका

नेमबाजीच्या स्पर्धेचा व्हिडिओ बघता बघता भाच्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. खाली प्रश्न: "मामा, हे वाकडं का बसवलंय? स्क्रू ढिला झालाय का?" रायफल मागच्या बाजूने दिसत होती. वर लांबलचक दुर्बीण, आणि तिच्या उजव्या अंगाला ४५ अंशांत कललेली, काडेपेटीएवढी काचेची खिडकी.

स्क्रू ढिला नव्हता. ती खिडकी मुद्दाम तशी बसवतात. मी जन्मात रायफल चालवलेली नाही, पण ही जोडी मला घरच्यासारखी ओळखीची आहे. आकाशदर्शनाच्या माझ्या दुर्बिणीला शनी २०० पट मोठा करून दाखवता येतो, पण त्या वेळी तिच्यातून आकाशाचा जेमतेम पाव अंश दिसतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राचा अर्धा व्यास. एवढ्याशा भोकातून शनी हुडकणं म्हणजे स्ट्रॉमधून बघत सुई शोधणं. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या खांद्यावर एक छोटा शोधक बसवतात, आणि माझ्याकडचा शोधक नेमका तसलाच आहे: काचेची खिडकी आणि तिच्यात लाल ठिपका.

दुर्बीण लावली की नेम सुधारतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. दुर्बीण गोळीला काहीही करत नाही. ती बघणाऱ्याला मदत करते, आणि त्या मदतीची किंमत वसूल करते. १० पट मोठं दाखवणाऱ्या साधारण रायफल-दुर्बिणीतून १०० मीटरवर सुमारे साडेतीन मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. १० मीटरवर तोच पट्टा ३५ सेंटिमीटरचा होतो. दरवाज्याकडे बघाल तर कडी दिसेल, दरवाजा दिसणार नाही, आणि ती कडीही धूसर, कारण भिंगांची जुळणी लांबच्या अंतरासाठी केलेली असते. हाताचा कंपही १० पट मोठा दिसतो. वर डोळा कुठेही ठेवून चालत नाही. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, इतक्या जाडीचा प्रकाशाचा झोत मागून बाहेर येतो. ४० मिलिमीटरचं भिंग आणि १० पट म्हणजे ४ मिलिमीटर. बाहुली त्या झोतात, भिंगापासून साधारण ९ सेंटिमीटर मागे असायला हवी. जरा सरकलात की कडेने काळी चंद्रकोर आत शिरते.

लांबचं लक्ष्य टिपताना ही किंमत परवडते. पण काही स्पर्धांमध्ये एक लक्ष्य ३०० मीटरवर असतं आणि पुढचं ८ मीटरवर, आणि घड्याळ चालू असतं. तिथे ती वाकडी खिडकी कामाला येते.

आता त्या खिडकीतली गंमत. मला ही गोष्ट इतकी आवडते की इथे जरा रेंगाळणार आहे.

शाळेत अंतर्वक्र आरशाची आकृती काढली होती ती आठवा. लांबून येणारे समांतर किरण आरशावर पडतात आणि नाभीत एकत्र येतात. तीच आकृती उलटी वाचा: नाभीत दिवा ठेवला, तर आरशावरून परतणारे किरण एकमेकांना समांतर निघतील. खिडकीच्या बुडाशी, डोळ्याच्या बाजूला, मोहरीहूनही बारीक लाल एलईडी असतो. समोरची काच दिसायला सपाट, पण किंचित अंतर्वक्र असते, आणि तिच्यावरचा लेप फक्त लाल रंग परतवतो, बाकीचे रंग पार जाऊ देतो. (म्हणूनच खिडकीतून जग जरासं निळसर दिसतं.) त्यामुळे डोळ्यात एकाच वेळी दोन गोष्टी शिरतात: समोरचं दृश्य आणि लाल किरणांची समांतर जुडी.

समजा, डोळा बोटभर डावीकडे सरकला. मघाशी डोळ्यात येणारे किरण आता चुकले, आरशाच्या दुसऱ्या भागावरून परतलेले आले. पण त्यांची दिशा तीच आहे, आणि ठिपका कुठे आहे हे डोळा किरणांच्या दिशेवरूनच ठरवतो. म्हणून ठिपका काचेवर सरकलेला दिसतो, पण समोरच्या लांबच्या झाडावर तो होता तिथेच राहतो. रात्री गाडीतून जाताना चांदोबा आपल्याबरोबर पळतो ना, त्याचं कारणही हेच. चंद्र इतका लांब आहे की आपण कुठेही गेलो तरी त्याच्याकडून येणारे किरण समांतरच. काडेपेटीएवढ्या डबीत बसवलेला एलईडी डोळ्याला चंद्राइतक्या लांब वाटतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

याचा दुसरा फायदा चाळिशी लागलेल्यांना चटकन कळेल. जुन्या पद्धतीत मागची खाच, नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटा (त्याला माशी म्हणतात) आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी एका रेषेत आणून नेम धरायचा. तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर, आणि डोळ्याला एका वेळी एकच स्पष्ट दिसणार. ठिपका अनंत अंतरावर असल्यासारखा दिसतो, म्हणून लांब बघणाऱ्या डोळ्याला तो आणि लक्ष्य दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात.

ही युक्ती काढली कोणी? दुर्बिणी बनवणाऱ्यानेच. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली तिचं पेटंट घेतलं. ग्रिनिचच्या वेधशाळेची २८ इंची दुर्बीणही त्यांचीच. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी हे तंत्र जर्मन विमानांवर चढलं, आणि १९७० च्या दशकात स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने बॅटरीवर चालणारा लाल ठिपका रायफलींसाठी बाजारात आणला.

एक गैरसमज सिनेमावाल्यांनी पसरवलाय. हा ठिपका समोरच्याच्या कपाळावर पडत नाही. कपाळावर पडतो तो लेझर. हा ठिपका फक्त बघणाऱ्यालाच दिसतो. जाहिरातवाल्यांचा दावा वेगळा: 'पूर्णपणे पॅरलॅक्स-फ्री'. म्हणजे डोळा कुठेही ठेवा, नेम चुकणारच नाही. हे अर्धसत्य आहे. किरण समांतर आहेत, एकाच रेषेवर नाहीत. खिडकीच्या कडेतून बघितलंत तर नजरेची रेषा मधल्या रेषेपासून तेवढीच बाजूला असते. २४ मिलिमीटर रुंद खिडकीत हा फरक जास्तीत जास्त १२ मिलिमीटर, आणि रुळांसारख्या दोन रेषा समांतर असल्याने अंतर वाढलं तरी तो वाढत नाही. स्वस्त खिडकीत आरशाचा आकार नेमका नसतो, तिथे कडेचे किरण पुरते समांतर राहत नाहीत आणि चूक अंतराबरोबर वाढते. कोणाला ठिपका गोल न दिसता शेपूट फुटलेला दिसतो. तक्रार करण्याआधी मोबाइलने खिडकीतून फोटो काढून बघा. फोटोत ठिपका गोल असेल, तर दोष डोळ्यातल्या अस्टिग्मॅटिझमचा, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेचा आहे.

खिडकीतून बघताना दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. त्यासाठी एक घरगुती प्रयोग: कागदाची सुरळी करून उजव्या डोळ्याला लावा. डावा तळहात सुरळीला चिकटून, डाव्या डोळ्यासमोर धरा. तळहाताला आरपार भोक पडलेलं दिसेल. मेंदूने दोन डोळ्यांची चित्रं एकावर एक बेमालूम चढवली. वाकड्या खिडकीतही हेच होतं, कारण ती काहीच मोठं करत नाही, दोन्ही चित्रं एकाच मापाची असतात. एका डोळ्याला १० पट दुर्बीण लावलीत तर मेंदू गोंधळतो, आणि कधी हे तर कधी ते चित्र पुढे येतं.

आता ४५ अंश. खिडकी सरळ दुर्बिणीच्या डोक्यावर का नाही? काही जण तशीही बसवतात. पण मग मान उचलावी लागते आणि गाल दस्त्यावरून, म्हणजे रायफलीच्या खांद्याला टेकवायच्या भागावरून, सुटतो. कडेला बसवली तर रायफल कुलपातल्या किल्लीसारखी जागच्या जागी डावीकडे फिरवायची, डोकं जवळपास हलत नाही. मी भाच्याला म्हटलं, फोन डावीकडे ४५ अंश कलव. खिडकी बरोबर नळीच्या डोक्यावर आली. डावखुऱ्यांना ती डाव्या अंगाला लागते, आणि रायफल उजवीकडे फिरवावी लागते.

डोक्यावरच का यावी, हे गुरुत्वाकर्षण ठरवतं. (पुढच्या आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा.) सेकंदाला ९०० मीटर वेगाने सुटलेल्या गोळीला १०० मीटर जायला सुमारे ०.१२ सेकंद लागतो, आणि तेवढ्यात ती ७ सेंटिमीटर खाली येते. ३०० मीटरला ही घट पाऊण मीटरच्या आसपास जाते. ती भरून काढायला नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. आता दुर्बिणीतून बघता बघताच रायफल ४५ अंश कलवली, तर ती 'वर'ची दुरुस्ती तिरकी होऊन बरीचशी बाजूला वळते. ३०० मीटरवर गोळी सुमारे ५३ सेंटिमीटर बाजूला आणि २२ सेंटिमीटर खाली जाईल. सिनेमातले दादा पिस्तूल आडवं धरतात, त्यांनी हे गणित एकदा करून बघावं. म्हणून दुर्बिणीची जुळणी (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी मांडणी) रायफल सरळ धरून करतात आणि खिडकीची जुळणी रायफल कलवलेल्या अवस्थेत, दोन्ही स्वतंत्र. मग कोन अगदी ४५ च हवा का? ४५ ऐवजी ४० अंश कलवली तर चूक ५ अंशांची. १०० मीटरवर ७ गुणिले साइन ५, म्हणजे सहा मिलिमीटर. मनगटाच्या अंदाजाने काम भागतं.

खरी चूक होते ती अगदी जवळ. खिडकी नळीच्या साधारण ६ सेंटिमीटर वर असते. २५ मीटरला जुळवलेली असेल, तर ५ मीटरवर गोळी ठिपक्याच्या जवळपास ५ सेंटिमीटर खाली लागते. लांबचं साधतं आणि हातभर अंतरावरचं हुकतं, हे नवख्यांना पटतच नाही.

एकपासून सहा पटीपर्यंत बदलणारी दुर्बीण घेतली तर खिडकी हवीच कशाला, असं विचारणारे आहेत. पण पट बदलायला कडं फिरवावं लागतं आणि तेवढ्यासाठी हात जागचा हलवावा लागतो. मनगट वळवणं सोपं.

या खिडकीचं वैर पाण्याशी. एलईडी आणि काच यांच्यामधली जागा उघडी असेल, तर एलईडीवर पडलेला पावसाचा एक थेंबसुद्धा ठिपक्याचा फुलबाजा करून टाकतो. माझ्या शोधकावर पहाटे दव साचतं, आणि एका ठिपक्याच्या जागी लालसर धुक्याचा पुंजका दिसू लागतो. रुमालाने पुसून पुन्हा बघायचं. तरीही काही दिसलं नाही, तर आदल्या रात्री मी तो बंद करायला विसरलेलो असतो.