कान तपासणारे सगळेच ‘डॉ.’ औषध देत नाहीत

“हेडफोन लावून कान तपासतात तेही डॉक्टरच, मग कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे वेगळं कशाला जायचं?” चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत ऐकू येणारा हा समज चुकीचा आहे.

हेडफोन लावून ऐकण्याची क्षमता तपासतो तो ऑडिओलॉजिस्ट. त्याची बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा विषयातली पदवी इंटर्नशिपसह ४ वर्षांची. पुढे पीएचडी केली असेल तर नावामागे ‘डॉ.’ लावणं रास्तच. अमेरिकेत तर ऑडिओलॉजीची स्वतंत्र डॉक्टरेट आहे. त्यामुळे त्यांना सरसकट बोगस म्हणणंही अन्यायाचं. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवून ऐकण्याचा आलेख काढणं, श्रवणयंत्र जुळवणं यात त्यांचाच हात धरावा. औषध आणि शस्त्रक्रिया हे काम मात्र एमबीबीएसनंतर एमएस झालेल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाचं.

आपल्याकडे गफलत पावसाळ्यात होते. दमट हवेत कानात बुरशी धरते, मळ फुगतो, नळी बुजते. तशातच तपासणी केली की आलेख खाली येतो आणि नुसत्या सफाईने सुटणाऱ्या तक्रारीवर महागडं मशीन गळ्यात पडतं. म्हणून आधी कानात दुर्बिणीने बघून घ्या, मग आलेख.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर थांबूच नका. ७२ तासांच्या आत तज्ज्ञ गाठा. स्टिरॉइड जितकं लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त.

‘डॉ.’खाली ‘ऑडिओलॉजिस्ट’ लिहिलेलं नसेल, तर पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा (ऑडिओलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या संस्थेचा) नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा.