घराण्यांचे कागद आणि इनाम कमिशनने विचारलेला प्रश्न

२०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढच्या काही महिन्यांत तहसील कचेऱ्या, जुन्या शाळा आणि भूमी अभिलेखाच्या कोठारांत रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सुटू लागले. जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, प्रवेश-निर्गम उतारा, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कोतवाल बुक ही नावे चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाचा वाद इथे बाजूला ठेवू. या शोधात असंख्य कुटुंबांनी पणजोबांच्या वडिलांचे नाव पहिल्यांदाच कागदावर पाहिले. हे कागद मुळात कोणी आणि कशासाठी लिहिले, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

महाराष्ट्रातल्या घराण्यांचा लेखी इतिहास बहुतांशी तंट्यातून आलेला आहे. कोणी हक्क सांगितला, दुसऱ्याने तो नाकारला, तिसऱ्याने पुरावा मागितला, म्हणून कागद झाला. ज्या घराला भांडायला वतन, म्हणजे पिढीजात पद किंवा जमिनीचा हक्क, नव्हते, त्या घराचा जुना कागदही सहसा सापडत नाही.

अठराव्या शतकापर्यंत वतनाचे भांडण गोतापुढे, म्हणजे गाव-परगण्याच्या हक्कदारांच्या सभेपुढे, जाई. अग्रवादी (फिर्यादी) आणि पश्चिमवादी (प्रतिवादी) दोघेही निवाडा मान्य करू असा राजीनामा, म्हणजे संमतीचा कागद, आधीच लिहून देत, जामीन देत आणि मग आपापली तकरीर, म्हणजे बाजू, मांडत. तकरिरीत, किंवा करीन्यात, पिढ्यांची हकीकत येई: मूळ पुरुष कुठून आला, कोणत्या दुष्काळात घर परागंदा झाले, जाताना वतन कोणाच्या हवाली केले, भाऊबंदांत कोण निपुत्रिक वारला. साक्षीने निकाल लागला नाही तर दिव्याची पाळी येई, म्हणजे उकळत्या तेलातून तापलेला रवा हाताने काढायचा. निकालाचा महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई. जिंकणारा सरकारात हरकी (जिंकल्याचे शुल्क) भरी, हरणारा गुन्हेगारी (दंड) देई आणि पुन्हा कटकट करणार नाही असे येजितखतही लिहून देई. महजरावर हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या असत. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, बाईची बांगडी. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला खरे मोल आहे ते या यादीचे, कारण ज्यांच्या नावाचा एकही स्वतंत्र कागद उरला नाही अशी गावातली माणसे इथे एका ओळीत उभी असतात.

मूळ महजर जिंकणाऱ्याच्या घरी जाई. दप्तर म्हणजे सरकारी इमारत, ही कल्पना तेव्हा पुरेशी रुजलेली नव्हती. देशपांड्याच्या वाड्यातली पेटी किंवा कुलकर्ण्याच्या माळ्यावरचे गाठोडे हेच त्या मुलखाचे दप्तर होते. पुढच्या वादाचे मूळ इथे आहे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि पुण्याचे हुजूर दफ्तर, म्हणजे पेशव्यांचे मध्यवर्ती दप्तर, इंग्रजांच्या ताब्यात आले. पहिली पंचवीस वर्षे जुनी इनामे, म्हणजे साऱ्याची माफी असलेल्या जमिनी, फारशी हलवली गेली नाहीत. १८४३ पासून दक्षिणेकडे, धारवाड-बेळगावच्या बाजूला, इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला पूर्ण अधिकार मिळाले. लोक तिला इनाम कमिशन म्हणू लागले. कमिशनचे अधिकारी बरेचसे लष्करातून आलेले होते. त्यांच्या निकालावर वरच्या अधिकाऱ्याकडे आणि सरकारकडे अपील करता येई, दिवाणी न्यायालयाचा दरवाजा मात्र बंद होता. ज्यांचा महसूल वाढणार, त्यांनीच निकाल द्यायचा, अशी ही रचना होती.

कायद्याला जोडलेल्या नियमांत एक कसोटी होती. या टिपणात तिला सगळ्यात जास्त जागा देतो आहे, कारण आपल्या घरोघरच्या वंशावळी तिच्या साच्यातून निघाल्या आहेत. इंग्रजी अंमल बसण्याआधी ६० वर्षे जमीन अखंड इनाम म्हणून चालत असेल आणि अंमल बसला तेव्हा ती मूळ इनामदाराच्या नातवाकडे किंवा त्या नातवाच्या औरस पुरुष वारसाकडे असेल, तर पुरुष वंश आहे तोवर इनाम चालू राहणार. भोगवटा याहून कमी वर्षांचा असेल तर सवलतही मर्यादित. पुणे प्रांतापुरते बोलायचे तर कुटुंबाला साधारण १७५८ च्या आधीपासूनचा भोगवटा दाखवावा लागे, आणि आजोबा, बाप, मुलगा अशी सलग रेघ काढून द्यावी लागे.

त्यामुळे लोकांनी वंशावळी लिहिल्या. बऱ्याच घरांत आज जो जुना वंशवृक्ष ‘पूर्वजांनी जपलेला’ म्हणून दाखवतात, त्याचा मूळ कागद या किंवा यानंतरच्या एखाद्या चौकशीत दाखल केलेला जबाब असतो. त्याच्या आकारावरून ते ओळखता येते. वर मूळ पुरुष, खाली फक्त मुलगे, जिथे वंश थांबला तिथे ‘निपुत्रिक’ किंवा ‘नकल’ असा शेरा. मुली नाहीत, सुना नाहीत. विधवेचे नाव आले तर दत्तकाच्या संदर्भात येते. करीन्यात कुठली तरी आजी पोराला पाठीशी बांधून रात्रीतून गाव सोडते, भावाच्या घरी वाढवते आणि वीस वर्षांनी वतन परत मागायला येते. वंशावळीत त्या आजीला जागाच उरत नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता.

दुसरा वाद कागद पडताळण्याच्या पद्धतीचा. इनामदाराने सनद आणली की ती हुजूर दफ्तरातल्या नोंदीशी ताडून पाहत. नोंद सापडली नाही की सनदेवर संशय. ऐकायला ही रीत रास्त वाटते. पण शेवटच्या पेशव्याच्या कारकिर्दीत त्या दफ्तराची काय अवस्था होती, हे इंग्रज अधिकाऱ्यांनीच आधी लिहून ठेवले होते: कारकुनांना हजेरीची सक्ती उरली नव्हती आणि दफ्तराला कोणी वाली नव्हता. अशा दफ्तरात नोंद नसणे हा इनाम नसल्याचा पुरावा कसा होतो? शिवाय कितीतरी इनामे गावाने, देशमुखाने किंवा स्थानिक अंमलदाराने दिलेली. त्यांची नोंद पुण्यात असण्याचे कारणच नव्हते. ज्या व्यवस्थेत पुरावा घरी राहत असे, त्या व्यवस्थेची परीक्षा मध्यवर्ती वह्यांवर घेतली गेली.

कमिशनच्या बाजूने सांगण्यासारखेही आहे. खोट्या सनदा होत्या, पुष्कळ होत्या. जुना कागद मिळवून त्यावर नवा मजकूर लिहिणे, शिक्के उठवणे हे उद्योग पेशवाईतही चालत, आणि सत्तांतराच्या धामधुमीत ते वाढले असणार. इनामाच्या नावाखाली सारा चुकवणाऱ्यांचा बोजा शेवटी साध्या रयतेवर पडत होता, हेही खरे. तरी दख्खनमध्ये सुमारे २० हजार इनामे जप्त झाली असा जो आकडा इतिहासात दिला जातो, तो पाहता ही केवळ खोटे कागद वेगळे काढण्याची मोहीम होती असे मानणे मला जमत नाही. १८५७ नंतर सरकारलाही या धोरणाची किंमत कळली. १८६३ च्या दोन कायद्यांनी तडजोड आली: खोलात चौकशी न करता, इनामदाराने ठरलेली सलामी, म्हणजे सवलतीचा सारा, भरावी आणि इनाम कायम करून घ्यावे. दत्तकाचीही वाट मोकळी झाली.

जमिनींचे काय झाले हे त्या काळच्या माणसांपुरते महत्त्वाचे. कागदांचे जे झाले ते आपल्यापर्यंत पोचले आहे. चौकशीसाठी वतनदारांच्या घरची दप्तरे मागवली, जप्त केली गेली. त्यांतली बरीच परत गेली नाहीत. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात ‘जमाव’ नावाचा जो प्रचंड विभाग आहे, त्यात अशा गोळा केलेल्या कागदांचे रुमाल आहेत. एकूण दफ्तर ४० हजार रुमालांच्या आसपास जाते. म्हणजे ज्या कमिशनने हजारो घरांची इनामे बुडवली, त्याच कमिशनमुळे त्यांतल्या अनेकांचे कागद वाळवीपासून वाचले. वाड्यात राहिलेल्या गाठोड्यांना पाऊस, उंदीर आणि भाऊबंदकी या तिघांशी झुंजावे लागले.

मात्र ते कागद वाचले तरी कित्येक दशके कुलूपबंद राहिले. इनाम-वतनाच्या दाव्यांत सरकारविरुद्ध पुरावा निघेल या धास्तीने संशोधकांना पेशवे दफ्तर सहजी खुले होत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही जिद्दी माणसे पायी गावोगाव फिरून खासगी दप्तरे धुंडाळू लागली, त्याला हेही एक कारण होते. त्यांना दारातूनच परत पाठवणारी घरे कमी नव्हती. कागद पाहायला कोणी आले की जमीन जाते, हा धडा लोकांनी एका पिढीपूर्वीच घेतला होता. १९१० मध्ये पुण्यात इतिहास संशोधनाचे एक मंडळ निघाले आणि घराण्यांना आपले दप्तर विश्वासाने ठेवायला जागा मिळाली. सरकारी दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापले गेले. निवड राजकारणाची आणि मोहिमांची. गावच्या तंट्यांना त्यात थोडकी जागा मिळाली.

मधल्या काळात पुरुषांच्या रेघेवर कायद्याने आणखी एकदा पक्की शाई फिरवली. १८७४ च्या वतन कायद्याने वारसांच्या नोंदवह्या आल्या. १८८६ च्या दुरुस्तीने शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडून घराण्यातली प्रत्येक स्त्री, आणि स्त्रीमार्फत हक्क सांगणारा प्रत्येक जण, वारसाहक्कात पात्र पुरुषांच्या मागे ढकलला. चुलतचुलत भाऊ चालेल, सख्खी मुलगी नंतर. त्या काळच्या वारस चौकशीत लेकीचे नाव न सांगणे हे विसरण्यातून झाले असे समजू नये.

स्वातंत्र्यानंतर परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गावकामगारांची १९५८ च्या आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. वतनदारी संपली हे योग्यच झाले. तिच्याबरोबर कागद जपण्याचे कारणही संपले. त्याच सुमारास मोडी शाळांतून गेली. जे कागद वाचता येत नाहीत आणि ज्यांनी काही मिळतही नाही, ते रद्दीत, नदीत किंवा बंबात गेले. न्यायालयांतही जुन्या दाव्यांच्या कागदांची वर्गवारी करून मुदत संपल्यावर बरेचसे नष्ट करण्याची रीत आहे. हुकूमनामा उरतो. साक्षीदारांचे जबाब, ज्यांत घराण्याची खरी हकीकत असते, ते जातात.

मराठवाड्याची वाट निराळी होती. १९४८ पर्यंत तो मुलूख निजामाच्या राज्यात, दप्तराची भाषा उर्दू-फारसी, आणि १८५२ चा कायदा तिथे लागू नव्हता. आजच्या शोधात तिथल्या कुटुंबांना नोंदी मिळायला जास्त कष्ट पडतात, त्यामागे हा फरक आहे. २ सप्टेंबर २०२५ चा निजामकालीन नोंदींच्या हैदराबाद गॅझेटविषयीचा शासन निर्णय याच पोकळीतून आला.

२०२३ पासून कुणबी असा उल्लेख असलेल्या ५४ लाखांहून अधिक नोंदी मिळाल्याचे सांगितले गेले. जिल्हा प्रशासनांनी अशा नोंदींची पाने तालुका आणि गावनिहाय आपल्या संकेतस्थळांवर चढवली, हे फार चांगले काम झाले. परंतु वही पुन्हा एकाच प्रश्नासाठी उघडली गेली. १९६७ पूर्वीची, कुणबी लिहिलेली ओळ सापडली की पान टिपले, नाही सापडली की रुमाल परत बांधला. गाव नमुना १४ मध्ये जन्मलेल्या मुलींच्याही नोंदी आहेत, मृत बायकांच्या आहेत, वतन नसलेल्या घरांच्या आहेत. महजराच्या निशाण्यांनंतर या माणसांचा बहुधा हाच पहिला लेखी माग. रुमाल सोडलेच होते, तेव्हा अख्खी वही टिपायला हवी होती, आणि अजूनही टिपता येईल. मोडी वाचणारे आता तालुक्याच्या ठिकाणी आहेत. कागद मात्र दर पावसाळ्यात थोडे कमी होत आहेत.